मधल्या पाण्यातला मुराळी

आमच्याकडच्या पाण्याच्या दोन वेळा चांगल्या. भरलेलं असलं की होडी सरळ जाते, आटलेलं असलं की माणूस सरळ चालत जातो. वाईट असतं ते मधलं पाणी. ते होडीला पुरत नाही आणि पायांना झेपत नाही. होडी घातली तर बूड घासतं, पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत गाळ. धड ना इकडं, धड ना तिकडं. आणि माझं नशीब असं, की मला माहेरी न्यायची वेळ आली की पाणी बहुतेक वेळा बरोबर मधलं झालेलं असायचं.

माझं सासर नदीच्या एका काठाला आणि माहेर दुसऱ्या. खाली धरण बांधलं तेव्हा पाण्याचा फुगवटा आमच्या शिवारात शिरला. माहेरचं जुनं गाव, पाणंद, मळे सगळं बुडालं आणि गाव वर माळावर जाऊन बसलं. रस्त्यानं इकडून तिकडं जायचं म्हणजे आधी सिरसाळा, तिथून दुसरी गाडी, मग पूल, मग पुन्हा उलटं यायचं. सकाळी निघालेला माणूस दुपारची जेवणं उरकल्यावर पोचणार. पाणी भरलेलं असेल तर होडीनं चार भाकरी थापून होईपर्यंत पलीकडं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला या काठावर दिलं ते हाच विचार करून. धारूरकडचं एक नोकरदार स्थळ आलं होतं आणि आई हुरळून गेली होती. अण्णा म्हणाले, "डोंगराआड लेक दिऊन मी काय डोंगराकडं बघत बसू का?" आणि मला समोरच्या काठावर दिली. संध्याकाळी आमच्या अंगणातला दिवा त्यांना माळावरून दिसायचा. नोकरदार नवरा हुकला म्हणून मी लग्नाआधी बरेच दिवस अण्णांशी धड बोलले नव्हते. आमच्या घरच्या माणसाला हे अजून माहीत नाही.

अण्णा हाडाचे शेतकरी. विहिरीत सूर मारायचे, पण होडी त्यांच्या सात पिढ्यांत कुणी चालवली नव्हती. धरणानंतर मात्र थोडं रान या काठाला शिल्लक राहिलं आणि तिथं पोचायचं कसं हा घोर गावाला पडला. पहिल्या वर्षी लोकांनी गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडली. उसाचा रस आटवायची ती मोठी कढई. तरते ती झकास, पण गोल असल्यामुळं वल्हं मारलं की पुढं जायचं सोडून जागच्या जागी फिरते. आत बसलेल्या बाया किंचाळायच्या, कुणाला मळमळायचं आणि काठावरची माणसं हसून लोळायची. मग अण्णांनी सिरसाळ्यातल्या एका वेल्डिंगवाल्याच्या पुढ्यात बसून पत्र्याची होडी करून घेतली. अरुंद, सपाट बुडाची, दोन्ही तोंडांना निमुळती. दोन वल्ही, आणि उथळ पाण्यात रेटायला एक लांब बांबू.

ती होडी ते पाण्यावरून चालवत नव्हते, जमिनीवरून चालवत होते. वर सगळं सपाट चकचकीत पाणी, आणि अण्णा त्याच्याकडं बघून सांगायचे, "आता आपण पाटलाच्या जोंधळ्यात हावोत. आता बांध आला, घासंल बघ." आणि खरंच बुडाखाली खर्र आवाज यायचा. पाणी कमी असलं की त्यांचा एकच नेम होता, जुनी गाडीवाट धरायची. बैलगाड्यांच्या चाकांनी ती वाट वर्षानुवर्षं झिजून आजूबाजूच्या रानापेक्षा खोल गेलेली. पाणी उतरलं की बाकीच्या रानात गाळ उघडा पडायचा, पण त्या वाटेवर होडीपुरतं पाणी अखेरपर्यंत राहायचं. ती वाट नदीच्या उतारापर्यंत यायची, मधलं खोल पात्र ओलांडलं की पलीकडं पुन्हा तीच वाट. अण्णा बुडालेल्या गाडीवाटेनं होडी अशी न्यायचे, की पुढं बैल जुंपलेत असंच वाटावं. कधी कधी तर तोंडानं "हो, हो" पण करायचे. मी हसले की म्हणायचे, "हास. उतरून ढकलायला लावीन."

आता मुराळ्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. पंचमीला, म्हणजे नागपंचमीला, सासुरवाशीण माहेरी जाते, पण उठली आणि पिशवी घेऊन निघाली असं चालत नाही. माहेरहून न्यायला माणूस यावा लागतो. तो मुराळी. बाप नाहीतर भाऊ. तो येतो, पाणी पितो, व्याह्यांना राम राम करतो, "लेकीला न्यायला आलोय" म्हणतो, आणि मग सासू म्हणते, "न्या." माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, या बाबतीत फार कडक. शेजारची एक सून मुराळ्यावाचून एसटीनं माहेरी गेली तर आत्याबाई आठवडाभर तिच्या सासूशी बोलल्या नाहीत. मला म्हणायच्या, "मुराळ्याबिगर गेलेली लेक म्हंजी पळून गेलेली." मी म्हणायचे, "मग मुराळीच पळवून न्यायला येतो म्हणा की." त्या तोंडाला पदर लावायच्या. हसू आलेलं दाखवायचं नसायचं त्यांना.

अण्णांनी एकही पंचमी चुकवली नाही. पाणी भरलेलं असेल त्या वर्षी धुतलेलं धोतर, नवी टोपी आणि रुबाब. पाणी मधलं असेल त्या वर्षी कमरेपर्यंत चिखल, टोपी मात्र स्वच्छ. पलीकडून होडी निघाली की मला अंगणातून दिसायची. मी पिशवी भरून उंबऱ्यात उभी. भाऊ मोटारसायकल शिकला तेव्हा म्हणाला, मी पुलावरून आणतो आक्काला, काय रोजचा चिखल तुडवायचा. अण्णा म्हणाले, "तू आण की. आधी मला खांद्यावरून पोचीव, मग आण." पुन्हा भावानं विषय काढला नाही.

मग अण्णा विसरायला लागले. आधी लहान लहान. सिरसाळ्याच्या बाजाराला गेले आणि काय आणायला आलो ते विसरून नुसतीच कोथिंबीर घेऊन आले. मेलेल्या चुलत्याला जेवायला बोलवा म्हणाले. आईला वाटलं, वय झालं, माणूस थकतं. पुढं आईलाच एकदा म्हणाले, "ह्या घरची बाई कुठं गेली?" तेव्हा भावानं त्यांना परळीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी नीट सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही हळूहळू जाणार. भावानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी चुलीपुढं होते. भाकरी करपल्याचा वास आला तरी मी तव्याकडं बघितलं नाही.

भावानं वल्ही कडब्याच्या गंजीत लपवून ठेवली. त्याचं चूक नव्हतं. पण अण्णा दिवसभर काठाला बसून राहायचे, हातांनी होडीतला पाला काढायचे, पुसायचे. या पंचमीच्या आधी भावाचा फोन आला, "आक्का, औंदा मी गाडीवर येतो. अण्णाचं काय खरं न्हाई."

मी उसळले. माझा स्वभाव अण्णांवर गेलाय, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही असला. म्हटलं, "अण्णा जित्ते हाईत ना? मग मुराळी अण्णाच येतील. तू होडीत बस त्यांच्यासंगं."

"पाणी मधलं हाय गं. पाऊस न्हाई धड, त्यात खाली कालव्याला पाणी सोडलंय. रोज उतरायलंय."

"मग लवकर या."

मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. अण्णांनी मला आणखी एकदा न्यायला यावं, एवढंच. आईचं नाव विसरले होते, घर विसरायला लागले होते, पण मला वाटायचं, पंचमी आली, होडीत पाय ठेवला की मी आठवणारच. बाकी सगळ्यांना विसरतील, मला नाही. भावानं शेवटी वल्ही गंजीतून काढली.

पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. उपाशीपोटी मी सकाळपासून काठावर. पाणी इतकं मागं गेलेलं, की आमच्या बाजूला उघडा गाळ पडलेला आणि त्यावर बगळे. पलीकडून होडी निघालेली दिसली. मधलं पात्र ओलांडेपर्यंत बरी आली, मग अडकली. भाऊ उतरला, ढकलायला लागला. पुन्हा थोडी आली, पुन्हा अडकली. अण्णा मात्र टोकाला ताठ बसलेले, टोपी पांढरीशुभ्र. मला एवढा आनंद झाला की मी तशीच गाळात उतरले. आत्याबाई मागून ओरडल्या, "अगं थांब, येऊ दी त्यांना! मुराळ्याला आडवी जाती का कुठं?"

मी थांबले. अण्णा वर आले, पाय धुतले, बाभळीच्या सावलीत बसले. आत्याबाईंनी तांब्या पुढं केला. ते पाणी प्याले, त्यांना राम राम केला. सगळं रीतसर. मी समोरच उभी, पिशवी हातात. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हसले. मग म्हणाले, "बाई, जरा आमच्या लेकीला हाक मारता का? मुराळी आलाय म्हणावं."

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टेखोर होतेच ते. मी म्हटलं, "लेक समोर हुबी हाय अण्णा, चला आता."

त्यांचा चेहरा अवघडला. परक्या बाईनं फार सलगीनं बोलावं तसा.

भाऊ म्हणाला, "अण्णा, ही आक्काच हाय."

"कावून म्हाताऱ्याची थट्टा करता बे?" ते भावाला म्हणाले. "माझी लेक कवळी हाय. औंदाच दिली हितं." आणि माझ्याकडं वळून, "राग नगा मानू बाई. पोरगं वाह्यात हाय आमचं."

मला राग आला. खरंच राग आला, रडू नंतर आलं. एवढ्या पंचम्या, एवढा चिखल, आणि माझे केस पांढरे झाले म्हणून मी परकी? मी काहीतरी टाकून बोलणार होते, पण आत्याबाईंनी माझा दंड धरला. अण्णांना म्हणाल्या, "येती हं दादा, केस विंचरायलीय." अण्णांनी मान हलवली आणि वाट बघत बसले. दर थोड्या वेळानं घराकडं बघायचे. कुणी दारातून बाहेर आलं की अर्धवट उठायचे आणि पुन्हा बसायचे.

ऊन चढलं. भाऊ पाण्याकडं बघून चुळबुळायला लागला. पाण्याच्या कडेला त्यानं खुणेसाठी खोचलेली काडी कोरडी पडली होती. आता निघालो नाही तर होडी इथंच राहणार आणि अण्णांना गाळातून नेता येणार नाही. पण मुराळी लेकीवाचून उठायला तयार नव्हता. तेव्हा आत्याबाई पुढं झाल्या. माझ्या संसारात त्यांनी मला पंचमीला कधी अडवलं नव्हतं, एकदाही नाही. त्या म्हणाल्या, "दादा, औंदा मी लेक धाडीत न्हाई. घरी काम लई हाय. फुडल्या पंचमीला धाडते. ही एक बाई तुमच्याच गावची हाय, हिला तेवढी पल्याड न्या."

अण्णांनी हात जोडले. मी त्यांना कुणापुढं हात जोडताना कधी बघितलं नव्हतं. "एक दिवस तरी धाडा," ते म्हणाले. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. त्या रडत होत्या, पण अण्णांना वाटलं असणार की बाई दगडाची आहे.

होडीत मी मधे बसले, भाऊ मागं बांबू घेऊन, अण्णा पुढं. निघाल्यावर भावानं सरळ समोरचा माळ धरला आणि होडी लगेच रुतली. अण्णा म्हणाले, "डाव्या अंगाला घे. गाडीवाट सोडून कुठं चाललास?" भावानं डावीकडं रेटली आणि होडी मोकळी झाली. पुढं त्यांनी तोंडानं सांगावं आणि यानं बांबू टाकावा. पात्र ओलांडलं. माहेरच्या बाजूला एका ठिकाणी पुन्हा बूड टेकलं, तेव्हा भाऊ उतरायला पाय बाहेर काढतोय तोच अण्णा केवढ्यानं ओरडले, "थांब बे! विहीर हाय तिथं!" भावानं पाय आत घेतला आणि बांबू खाली सोडला. बांबू जात राहिला, तळ लागलाच नाही. आजूबाजूला गुडघाभर पाणी आणि मधे ती जुनी विहीर. भाऊ "अण्णा" एवढंच म्हणाला.

मला त्या विहिरीचा हेवा वाटला. ती आठवली होती. बांध, जोंधळ्याची पट्टी, वाटेतलं वळण, सगळं जिथल्या तिथं होतं. आणि मी हाताच्या अंतरावर बसलेली असून कुठंच नव्हते.

थोड्या वेळानं ते माझ्याशी बोलायला लागले. परक्या माणसाला वाटेत सोबत म्हणून बोलतात तसं. "आमची लेक लई तोंडाळ हाय," ते म्हणाले. "सासरी निभंल का न्हाई, मला घोर हुता. पर सासू चांगली मिळाली म्हणायचो. आज कावून आसं केलं काय म्हाईत." मग पाण्याकडं बघत म्हणाले, "पहिल्यांदा तिला पोचवून माघारी आलतो ना बाई, ती काठावर हुबी. मी हासत हासत निघालो. पर हितं मधी आल्यावर होडी थांबविली. बूड टेकलंय आसं दावलं आन उतरून खाली वाकलो. लई येळ वाकलो. तिला वाटलं आसंल, बाप होडी ढकलायलाय."

मला तो दिवस आठवत होता. मी काठावरून ओरडले होते, "ढकलता येईना का अण्णा, येऊ का मी?" आणि त्यांनी वळून न बघता हात हलवला होता. मी हे त्यांना सांगितलं असतं तर चाललं असतं का, मला माहीत नाही. मी पदर तोंडात धरून रडले. त्यांनी बघितलं. म्हणाले, "रडू नगा बाई. माहेर आलंच की."

माळाच्या काठाला आई उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. लेक आली की दृष्ट लागू नये म्हणून तिच्यावरून ओवाळून टाकायचं, मग घरात घ्यायचं. आई मला बघून पुढं आली, तर अण्णा होडीतूनच म्हणाले, "नगं आणू ते. लेक न्हाई धाडली त्यांनी." आई जागच्या जागी थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. भावानं मान खाली घातली. आईला कळलं. तिनं तो भाकरीचा तुकडा ओवाळला नाही, टाकलाही नाही. तसाच मुठीत धरून ठेवला.

अण्णा उतरले आणि होडीच्या कडेला टेकून रडायला लागले, मोठ्यानं, लहान लेकरासारखे. गावातली माणसं वरून बघत होती. मी जवळ गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी डोळे पुसले, टोपी नीट केली. मी परकी बाई, सणाच्या आदल्या दिवशी खोळंबले याचीच त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी माझी पिशवी उचलली.

"चला बाई, तुमच्या घरापत्तुर सोडतो. तुमचाबी बाप वाट बघत आसंल."

ते पुढं आणि मी मागं, असे आम्ही माळ चढलो. दारात आल्यावर मी थांबले. ते घर त्यांचंच होतं, ते त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. त्यांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली, मला हात जोडले आणि म्हणाले, "जा आत." मग वळले आणि उतरणीवरून पुन्हा पाण्याकडं चालायला लागले. भावानं विचारलं, "कुठं निघालात अण्णा?"

"लेकीला आणाया," ते म्हणाले. "पाणी उतरायलंय."